चौथ्या मजल्याचं पाणी

गरम पाण्याला भिणारं माणूस अख्ख्या जालन्यात एकच, असं मैमूनाबी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. माणूस म्हणजे तिची थोरली लेक अंबरीन. "और काम बी उसीच का करती, देखो," असं वर म्हणायची आणि चहाचा कप पुढं सरकवायची.

अंबरीनचा बाप निजामोद्दीन जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांमागच्या बोळीत तांब्याचे बंब दुरुस्त करायचा. पोरगी शाळेतून आली की त्याच्यापाशी बसकण मारायची. डाखाचा जोड कुठं फुटलाय ते डोळे मिटून बोटानं सांगायची. पुढं तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, बारा वर्षं संभाजीनगरात एका ठेकेदाराकडं पाईप मोजत काढली. बाप गेल्यावर परत आली आणि त्याच दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर मांडून बसली. आता ती मोठ्या इमारतींच्या गरम पाण्याचे नकाशे काढते. वसतिगृहं, लॉजिंग, दवाखाने.

ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं? गीझर लावला की झालं. पण पाच मजली इमारतीत पाणी तापतं तळघरात आणि आंघोळ करणारा बसलेला असतो चौथ्या मजल्याच्या शेवटच्या खोलीत. मधे ऐंशी मीटर पाईप. त्यातलं पाणी उभं राहिलं की निवतं. नळ सोडून दोन बादल्या वाया घालवाव्या तेव्हा कुठं ऊन पाणी हाताला लागतं, आणि ज्या गावात नळाची वाट आठवडाभर बघतात तिथं दोन बादल्या म्हणजे थट्टा न्हाई. म्हणून अंबरीन पाइपाचं कडंच करते. पाणी टाकीतून निघतं, सगळे मजले फिरतं, आणि जे कुणी वापरलं न्हाई ते परतीच्या लाईननं खाली टाकीत येऊन पुन्हा तापतं. एक लहानसा पंप त्याला रात्रंदिवस फिरवत ठेवतो. इतकंच.

भ्या वाटायचं ते आकड्यांचं. टाकीत साठ डिग्री पाहिजे, परत येताना पंचावन्नच्या खाली जाता कामा नये. पाणी कोमट होऊन पाइपात बसून राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचा जंतू धरतो. नळ सोडला की तुषारांबरोबर छातीत जातो आणि निमोनिया करतो. धडधाकट माणूस निभावून नेतो, म्हातारं माणूस आणि ओली बाळंतीण न्हाई निभावत. बाळाचं तर बोलायलाच नको. बरं, साठ डिग्रीचं पाणी तसंच नळाला दिलं तर कातडी सोलून निघते. म्हणून प्रत्येक न्हाणीत भिंतीच्या आत एक मिक्सर, जो गार पाणी मिसळून बेचाळीसच्या वर काही सोडत न्हाई. खाली साठ, वर बेचाळीस. या दोन आकड्यांच्या मधे तिचा जीव टांगलेला असायचा. प्लंबर लोक तिला पाठीमागं 'तापमान मॅडम' म्हणायचे. एका हॉटेलवाल्यानं तर तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, लग्नात नवरदेवाचा पण ताप मोजल्ता काय?"

"मोजला असता तर लग्न केलं नसतं," अंबरीन म्हणाली होती. ती नवऱ्यापासून वेगळी राहते हे त्याला माहीत नव्हतं.

अंबड रस्त्यावरच्या पाच मजली बाळंतपणाच्या दवाखान्याचं काम तिनं गेल्या वर्षी केलं. तळघरातली यंत्रणा सांभाळायला मच्छिंद्र नावाचा माणूस ठेवलेला. अंकुशनगरकडचा, साठीच्या आतबाहेर. साखर कारखान्याच्या बॉयलरवर तेवीस वर्षं काढलेला, वाल्वचं चाक हातात धरलं की आत काय चाललंय ते सांगणारा. अंबरीन त्याला मामा म्हणायची. तिच्या सांगण्यावरून रोज सकाळी सातला तो परतीच्या लाईनच्या तापमापीचा फोटो पाठवायचा. छप्पन्न. पंचावन्न. सत्तावन्न. तो फोटो आल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरायचा न्हाई.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी फोटो आला, छप्पन्न. तिनं कप उचलला आणि खाली ठेवला. तापमापीच्या काचेपाशी, पाइपाच्या पत्र्यावर एक मुंगळा होता. तिनं कालचा फोटो उघडला. मुंगळा तिथंच. परवाचा, तेरवाचा. तिथंच, तोच पाय उचललेला.

"अम्मी, मैं जाके आती," म्हणत ती उठली.

"नाश्ता?"

"आके."

तिनं स्कूटी दामटली. मुंगळा चार दिवस एक पाय उचलून उभा राहत न्हाई. मग चार दिवस परतीचं पाणी किती डिग्रीचं होतं?

तळघरात पाय टाकल्याबरोबर तिला उत्तर मिळालं. तिथं एक बारीक घरघर कायम असायची. आज ती नव्हती. फिरता पंप बंद. तिनं परतीच्या पाइपावर तळहात टेकवला. माणसाच्या अंगाइतका कोमट.

मच्छिंद्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला होता. तिला बघून उभा राहिला आणि टोपी काढून हातात घेतली.

"मामा, हे कधीपासून?"

"पाच दिस झाले."

"पाच?"

"माझी शालू चौथ्या मजल्यावर हाय, मॅडम. चारशे नऊ. रविवारी शिजर झालं, पोरगा झाला." एवढं सांगताना त्याच्या तोंडावर क्षणभर हसू येऊन गेलं. "आमची मंडळी, उषाबाई, पहिल्याच दिशी मला फाडून खायला उठली. म्हणली, तू पाण्याचा राजा खाली बसून राह्यला आन् लेकीला पुसायला कोमट पाणी? बाळंतिणीला कडक पाणी लागतं. मंग मी ही लाईन बंद केली."

"का पण?"

"बॉयलरवर लांबच्या टोकाला वाफ कमी पडली की आम्ही बायपास मारायचो. माघारी जाणारं थांबवलं की पुढं जोर येतो. मला वाटलं हीबी बायपासच. आन् वाल्व बंद म्हणल्यावर पंप कशाला उगं फिरवायचा?"

"ही बायपास न्हाई मामा. पाणी माघारी आलं न्हाई तर पुढचं जागेवर बसून राह्यतं. त्यात कीड धरते." अंबरीननं वाल्वकडं बोट केलं. "इथं पट्टी लावलीय की. बंद करू नये म्हणून."

मच्छिंद्रनं पट्टीकडं पाहिलं. "ती इंग्रजीत हाय, मॅडम."

अंबरीननंही पाहिलं. होती. तिनंच करून घेतलेली, नकाशावर असते तशी. आजवर केलेल्या सगळ्या इमारतींत तिनं तशाच पट्ट्या लावल्या होत्या, आणि त्या वाचणारं कुणी आहे का हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मंग खोटे फोटो?"

"काटा चौतीसवर आल्ता. तुम्ही बोलाल म्हणून."

ती बोलली. मोठ्यानं, वयाचा मान न ठेवता बोलली. मच्छिंद्र मान खाली घालून ऐकत राहिला. मग तिनं कामाला हात घातला. चौथ्या मजल्यावर जाऊन शेवटच्या टोकाला, जिन्यामागच्या पाइपाच्या खोबणीतून पाण्याचा नमुना बाटलीत भरला. पाणी नुसतं कोमट होतं. खाली येऊन परतीचा वाल्व उघडला, पंप सुरू केला, आणि टाकीचा काटा सत्तरवर लावला. सत्तरचं पाणी सगळ्या पाइपांतून तासभर फिरवायचं, मग एकेक नळ सोडून धुऊन काढायचं. जंतू मारायचा दुसरा मार्ग तिच्याजवळ नव्हता.

चौथ्या मजल्याच्या सिस्टर बेबीनंदांना तिनं फोन केला. "सिस्टर, अकरा वाजल्यापासून दोन तास कुणी गरम नळ उघडायचा न्हाई. सगळ्या खोल्यांना सांगा. जल्दी."

"सांगते. पण ऐकणार कोण, मॅडम? इथं आज्ज्यांचं राज्य आहे."

"चुकून उघडलाच तर मिक्सर आहे, भाजणार न्हाई. तरी सांगा."

पंप घरघरू लागला. परतीचा काटा हलला. चाळीस. सत्तेचाळीस. टाकी बासष्टवर, मग पासष्टवर गेली. अंबरीन वहीत दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होती. मच्छिंद्र तिच्यामागं उभा होता.

"मॅडम, सत्तरचं पाणी मिक्सरात बराबर थंड होतं ना?"

"होतं."

थोड्या वेळानं परत, "म्हंजी बिलकुल भाजत न्हाई?"

"मामा, सांगितलं ना. बेचाळीसच्या वर मिक्सर सोडतच न्हाई."

टाकी अडुसष्टवर आली. मच्छिंद्रचा श्वास तिच्या मानेवर आल्यासारखा तिला ऐकू येत होता.

"आन् मिक्सरच नसला तर?"

अंबरीनचा पेन थांबला. ती वळली. त्याचा चेहरा राखेसारखा झालेला.

"कुठं न्हाई मिक्सर?"

"चारशे नऊला." त्याची जीभ लटपटत होती. "वाल्व बंद करूनबी तिथं पाणी कडक येईना. मंग मी पाना घेऊन वर गेल्तो. मिक्सरची टोपी काढली आन् गारचं तोंड बंद करून टाकलं. तुम्ही आधीच एवढ्या बोलल्या, म्हणून मी ते..."

"उषाबाई पाणी कसं घेतात?"

"नळ सोडला की पयलं पाणी कोमट येतं. ते बाळाला. मागून कडक येतं, ते शालूला. पाच दिस असंच चालू हाय." आणि मग त्याला आठवलं. "मॅडम, आज पाचवी हाय. आज ती पोराला न्हाऊ घालणार हाय. सिस्टरनं नळ बंद होणार सांगितलं असंल तर ती आधीच उरकून घ्यायला बसंल."

पयलं पाणी कोमट येतं. आता पयलंच पाणी अडुसष्टचं येणार होतं.

"पळा!" अंबरीन ओरडली.

मच्छिंद्र पळाला. उषाबाईचा फोन लावत, फोन कानाला न लावताच तो जिन्याकडं पळाला. अंबरीनला त्याच्यामागं जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं. वर पाणी ढकलणारा मोठा पंप तिनं बंद केला. पण पंप बंद झाला म्हणून पाणी थांबत न्हाई हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? वीज गेली तरी वरच्या मजल्यांना पाणी मिळावं म्हणून तिनंच हवेच्या दाबाची टाकी बसवली होती. त्या दाबावर अजून दोन-तीन बादल्या चौथ्या मजल्यापर्यंत जाणार होत्या. बाळाला एक मग पुरे.

तिनं खालचा निचऱ्याचा कॉक उघडला. कढत पाणी फरशीवर आदळलं, वाफेनं चष्मा धुरकटला, चपलेतून पाय भाजला. तिनं पाय मागं घेतला, कॉक सोडला न्हाई. डोळे दाबाच्या काट्यावर. चार. साडेतीन. निचऱ्यानं सुई सावकाश, सरळ उतरायला पाहिजे होती. ती सरळ उतरत नव्हती. मधेच झटका खात होती.

वर कुठंतरी नळ उघडला होता.

दुसरा झटका. पाच मजल्यांत छप्पन्न न्हाण्या. कुठलीही असेल. दुसऱ्या मजल्याची असेल, तिथं मिक्सर शाबूत आहे. अल्लाह, दुसऱ्या मजल्याची असू दे. तिसरा झटका लांबला. कुणीतरी नळ सोडून ठेवला होता. मग सुई एकदम थबकली, म्हणजे नळ कुणीतरी गच्च बंद केला. तिनं कान पाइपाला लावला. पाइपातून पाण्याशिवाय काही ऐकू येत न्हाई, हे माहीत असून लावला आणि कान चटकला.

सुई शून्यावर आली तेव्हा फोन वाजला. बेबीनंदा सिस्टर.

"मॅडम, चारशे नऊमधे भाजलंय."

"कोण? सिस्टर, कोण?"

पलीकडं कुणीतरी किंचाळत होतं. फोन तसाच चालू राहिला, उत्तर आलं न्हाई.

लिफ्टमधे स्ट्रेचर अडकलेलं. तळघरापासून चौथ्या मजल्यापर्यंत ती कशी चढली तिला आठवत न्हाई. कठडा हाताला ओला लागला एवढं आठवतं. तो तिच्याच हाताचा घाम होता. प्रत्येक वळणावर तिला बाळाच्या रडण्याचा आवाज यायचा आणि प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, रडतंय, म्हणजे आहे. मग चौथ्या मजल्यावर रडणं थांबलं. भिंत धरून धरून ती पुढं सरकली.

चारशे नऊच्या दारात मच्छिंद्र फरशीवर बसला होता. त्याच्याकडं बघायचं धाडस तिला झालं न्हाई. ती आत गेली.

शालू खाटेवर होती. तिच्या छातीशी तेलानं माखलेलं, उघडंबंब पोरगं दूध पीत होतं.

न्हाणीत उषाबाई पाटावर, पाय लांब करून बसलेली. बेबीनंदा सिस्टर तिच्या पायांवर गार पाण्याची धार धरून होत्या. दोन्ही नडग्या शिजल्यासारख्या लाल, आणि उजवीवर कातडीला बुडबुडा धरू लागलेला. मगभर पाणी घेतलं ते तिनं आधी स्वतःच्या पायांवर ओतलं होतं. पाय पसरून नडग्यांवर बाळ घ्यायचं तर आधी नडग्या ओल्या करायच्या, म्हणजे बाळाला पायांचा गारठा लागत न्हाई. तिच्या सासूनं शिकवलं होतं, तिनं चार लेकरं तशीच न्हाऊ घातली होती. बाळ तोवर शालूपाशी तेल लावून घेत होतं.

"आगं माय, निस्ता विस्तव आला गं नळातून," उषाबाई म्हणाली. दात वाजत होते. मग दाराकडं बघून नवऱ्याला, "बसलाय बघा कसा. दिलं एकदाचं कडक पाणी."

मच्छिंद्र ढसाढसा रडायला लागला.

डॉक्टर आदिनाथ आले, पाय बघितले, मलमपट्टी केली, आणि अंबरीनला व मच्छिंद्रला बाहेर बोलावलं. हे कुणी केलं, एवढंच त्यांनी विचारलं. मच्छिंद्रनं हात जोडले. "मी, सायेब."

अंबरीनच्या जिभेवर आलं होतं की होय, ह्यांनीच. त्याऐवजी ती म्हणाली, "वाल्वला कुलूप पाहिजे होतं, मी लावलं न्हाई. पट्टी त्यांना वाचता येईल अशी पाहिजे होती, मी केली न्हाई. आणि न्हाण्या रिकाम्या आहेत का हे स्वतः न बघता पाणी तापवलं ते मीच." मग तिनं उरलेलं सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. पाच दिवस या मजल्यावर पयलं कोमट पाणी वापरलं गेलं. बाळाला पुसायला तेच. त्यात काय असू शकतं.

"दहा दिवस," डॉक्टर म्हणाले. "बाळ, आई, आजी. ताप, खोकला, धाप. एकही दिसलं तर ताबडतोब घेऊन यायचं. मजल्यावरच्या बाकीच्यांनाही मी सांगतो."

मग ते दहा दिवस. शालूला घरी सोडलं होतं, मच्छिंद्रही रजा घेऊन घरीच होता. अंबरीन रोज सकाळी अंकुशनगरला फोन लावायची. मच्छिंद्र बाळाचे श्वास मोजून सांगायचा, घड्याळ समोर ठेवून. एकदा म्हणाला, "मॅडम, शिंकलं." तिनं फोन ठेवला आणि वांती केली. सहाव्या दिवशी शालूला ताप भरला. दूध साकळलं होतं, दोन दिवसांत उतरला, पण ते दोन दिवस अंबरीन जेवली न्हाई. मैमूनाबीनं थट्टा करायची सोडून दिली होती. नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसायची.

आठव्या दिवशी नमुन्याचा अहवाल आला. चौथ्या मजल्याच्या बाटलीत जंतू सापडला होता. दुसऱ्या दिवशी न्हाण्या बंद करून सत्तरचं पाणी पुन्हा फिरवल्यानंतर घेतलेल्या नमुन्यांत काही नव्हतं. तिनं डॉक्टरांना कळवलं. अंकुशनगरच्या फोनवर मात्र त्या दिवशी तिनं नुसतं विचारलं, "श्वास किती?"

"बेचाळीस," मच्छिंद्र म्हणाला. डॉक्टरांनी साठच्या आत ठीक म्हणून सांगितलं होतं. हा तर मिक्सरचाच आकडा.

अकराव्या दिवशी ती अंकुशनगरला गेली आणि अहवाल त्यांच्यासमोर वाचून दाखवला. उषाबाईला सगळं कळलं असं न्हाई, जेवढं कळलं तेवढ्यानं तिनं पाळण्याची दोरी हातात घेतली. दोन्ही पायांना पट्ट्या, समोर पाळणा. बाळाला अकरा दिवसांत कुणी न्हाऊ घातलं नव्हतं. उषाबाईचे पाय असे, शालूचे टाके ओले. आणि खरं म्हणजे पाण्याचा मग हातात घ्यायला त्या घरात कुणी तयार नव्हतं.

"वास मारून राह्यलं बघ पोरगं," उषाबाई म्हणाली. "तूच बस, बाई. तुझ्यावानी भिऊन पाणी बघणारं दुसरं कोण हाय?"

"मला न्हाई येत."

"पाय पसरता येतात का न्हाई?"

अंबरीननं सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाटावर बसली. पाय पसरले. मच्छिंद्रनं चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, गार मिसळलं, हात घालून बघितलं, परत गार मिसळलं. शालूनं तेल लावलेलं बाळ दोन्ही हातांवर धरून ठेवलं.

"घाला मामा," अंबरीन म्हणाली. "आधी माझ्या पायावर."

त्यानं मग तिरपा केला. पाणी नडग्यांवरून वाहून गेलं. बाईमाणसं तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"चालंल?" मच्छिंद्रनं विचारलं.

तिनं डोळे मिटले होते. "अजून एक मग," ती म्हणाली. "आणि थोडं थंड करा."